औषधाचं चुलत भावंड

शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागले तेव्हा मुलांनी त्यांचं नाव भोंपूकाका ठेवलं, कारण वळणावर ते हॉर्न असा वाजवायचे की गाण्याची ओळ ऐकल्यासारखं वाटावं. लग्नानंतर बायको आपोआप भोंपूकाकू झाली. पुढे भोंपू गळाला आणि नुसते काका-काकू उरले. दुखणं काकांचं होतं. पण त्या दुखण्यापायी जे जे करायची पाळी आली ते काकूंनी केलं, म्हणून ही हकिगत काकूंची.

काकूंचं काम कपडे मापाला बसवून द्यायचं. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून मशीन, भिंतीवर खुंट्यांची रांग, आणि खुंट्यांना कुणाची लांब झालेली पँट, कुणाचा बापाकडून आलेला कोट. "माणसं वजन कमी करायचं ठरवतात आणि माझ्याकडून कपडे सैल करून नेतात," असं त्या म्हणायच्या. बोलक्या, हसऱ्या, जराशा फटकळ. एकुलती एक लेक वडिलांच्याच बसमधून शाळेत जायची. काकूंचा धाकटा भाऊ पोलिसात शिपाई होता. लेक त्याला मामा म्हणायची आणि रस्त्यावरची पोरंही पोलिसाला मामाच म्हणतात, म्हणून "आमचा मामा दोन्ही बाजूंनी मामा" ही काकूंची ठरलेली थट्टा.

काकांचं डोकं दुखायला लागलं तेव्हा कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. डोकं कुणाचं दुखत नाही? पण हे दुखणं निराळं होतं. दर वर्षी थंडी सरत आली की यायचं, काही आठवडे रोज छळायचं आणि आलं तसं निघून जायचं. रोज तीच वेळ, दुपारच्या जेवणानंतरची. आधी उजवी पापणी जड होऊन लोंबायची, डोळा लालबुंद व्हायचा, त्याच बाजूची नाकपुडी वाहायला लागायची. मग डोळ्याच्या मागे कुणीतरी तापलेली सळई घालून फिरवतंय असं व्हायचं. डोकं दुखणारा माणूस अंधार करून पडून राहतो, काकांना पडवत नसे. ते खोलीत येरझाऱ्या घालायचे, भिंतीवर कपाळ आपटायचे. तासाभराने सगळं ओसरलं की घामाने भिजलेले, लाजलेले, खुर्चीत बसून राहायचे.

चष्मा बदलून झाला. दाताच्या डॉक्टराने एक चांगली दाढ उपटून टाकली. "दाढ बिचारी विनाकारण गेली," काका म्हणाले होते. तेव्हा त्यांना विनोद सुचत होते.

मग तो बसचा प्रसंग घडला. त्या वर्षी दुखणं सरकत सरकत शाळा सुटायच्या वेळेवर आलं. काकांनी कुणाला सांगितलं नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, आणि दुसरं काही करता येईल असंही त्यांना वाटत नव्हतं. मुलांनी भरलेली बस घेऊन निघाले असताना पापणी लोंबली. त्यांनी बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं, ब्रेक ओढला, दार उघडून खाली उतरले आणि बसच्याच पत्र्यावर डोकं आपटायला लागले. आतली मुलं आधी हसली, मग गप्प झाली, मग लहानगी रडायला लागली. काकांची लेक मागच्या सीटवर होती. ती उठून पुढे आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, पुरे. सगळे बघतायत." काकांनी तिच्याकडे वळून पाहिलं, पण ओळखल्यासारखं पाहिलं नाही. हे तिने घरी आईला सांगितलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती वडिलांशी बोलली नाही.

नोकरी गेली. शाळेचं चुकलं असं काकूही म्हणाल्या नाहीत. "माझं पोर त्या बसमध्ये असतं तर मीही हेच केलं असतं," असं त्या म्हणाल्या, आणि पोर त्याच बसमध्ये होतं हे आठवून त्यांना रडू फुटलं. काकांना गॅरेजमध्ये बस धुवायचं काम मिळालं.

त्यानंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून ते मोठ्या दवाखान्यातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई पोरगेल्या दिसायच्या, केस आखूड, बोलणं सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुखण्याला नाव आहे, ते खरं आहे, असं सांगितलं. काकांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी खरं म्हटलं होतं.

उपाय मात्र एकही नीट लागू पडेना. इंजेक्शनाने छातीत कळ यायला लागली, ते बंद करावं लागलं. गोळ्यांनी नाडी इतकी मंद झाली की काका जिन्यातच बसले, त्याही बंद. प्राणवायूचा सिलिंडर घरी आला. मास्क लावून जोरात श्वास घेतला की कधी कळ लवकर उतरायची, कधी ढिम्म फरक पडायचा नाही.

शेवटी एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"एलएसडी ऐकलंय?"

"नशेचं ना ते?" काकू एकदम ताठ झाल्या.

"हो. मी ते देणार नाहीये. त्याचं एक चुलत भावंड आहे म्हणा. रचना जवळजवळ तीच, फक्त एका जागी ब्रोमिनचा अणू बसवलेला. तेवढ्या एका बदलाने भास होत नाहीत, नशा चढत नाही. फार पूर्वी कुणीतरी बनवलं आणि नशा येत नाही म्हणून बाजूला टाकलं. त्याच्यावर अभ्यास असा फारसा झालेलाच नाही. पण या डोकेदुखीच्या काही रुग्णांना त्याने आराम पडलाय. आम्ही मोजक्या लोकांवर करून बघतोय. लागू पडेलच असं मी म्हणणार नाही."

"आणि काही झालं तर?" काकूंनी विचारलं.

"आम्हाला जे माहीत नाही ते पुष्कळ आहे," बाई म्हणाल्या. "ते मी लपवणार नाही."

घरी आल्यावर काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटला. "नशा ती नशा, तिचा भाऊ काय अन् बहीण काय! चोराच्या भावाला घरात घेतो का आपण? माझा भाऊ पोलिसात आहे, उद्या त्याला काय तोंड दाखवू? डोकं दुखतंय म्हणून डोकंच गहाण टाकणार का तुम्ही?"

काका शांतपणे म्हणाले, "अगं, गहाण टाकायला डोकं माझं उरलंय कुठे?"

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली.

औषध म्हणजे पाण्यासारखं पाणी. छोट्या तपकिरी बाटलीतलं, पेल्यात ओतून दिलेलं. काकूंनी काकांचा हात असा घट्ट धरला होता की नर्स हसून म्हणाली, "ते कुठे उडून जाणार नाहीत." काकांना जरा हलकं वाटलं, पाय थोडे दुसऱ्याचे असल्यासारखे झाले, बाकी काही नाही. काही दिवसांनी पुन्हा एक पेला, मग आणखी एक.

आणि दुखणं थांबलं.

दुपारची ती वेळ आली की काकू मशीन थांबवून कानोसा घ्यायच्या. आतून काही आवाज नाही. जाऊन बघावं तर काका जेवणाच्या टेबलाशी बसून लेकीला गणितं सोडवून देत असायचे आणि चुकीची देत असायचे. वर्ष फिरून थंडी सरली तेव्हा काकूंचा जीव टांगणीला लागला होता, पण काहीही आलं नाही. लेक वडिलांशी पुन्हा बोलायला लागली होती. काकूंनी स्वतःसाठी एक झगझगीत पिवळा ड्रेस शिवला आणि "एवढा पिवळा कशाला?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीला "डोळ्यात भरावा म्हणून" असं सांगितलं.

त्याच्या पुढच्या वर्षी पापणी पुन्हा लोंबली.

काकू त्याच दुपारी दवाखान्यात धावल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खोलीत घेतलं, दार लावलं.

"औषध संपलंय," त्या म्हणाल्या.

"मग आणखी मागवा."

"मागवायचं कुणाकडून? एकाच प्रयोगशाळेत बनायचं. ते बनवायला जो कच्चा माल लागतो तोच एलएसडीला लागतो, म्हणून परवानगी लागते. तिची मुदत संपली. नवी मिळेना. आणि औषध कंपन्यांना यात रस नाही, इतके कमी रुग्ण, इतकं जुनं औषध. मी अर्ज केलाय. खेटे घालतेय."

"किती दिवस लागतील?"

बाईंनी फक्त अर्जाची प्रत पुढे सरकवली. काकू त्यांच्या पाया पडायला वाकल्या तशा बाई खुर्चीतून उठून मागे सरल्या. "असं करू नका हो," त्या म्हणाल्या.

ते वर्ष सगळ्यात वाईट गेलं. आधी दिवसातून एकदा यायचं ते सकाळीही यायला लागलं. एकदा आराम काय असतो ते चाखलेल्या माणसाला आता धीर धरवेना. गॅरेजचं काम सुटलं. एका सकाळी काकूंना ते इमारतीच्या गच्चीवर कठड्याशी उभे दिसले. काकूंनी हाक मारली नाही, जवळ जाऊन शर्टाची बाही धरली. काका म्हणाले, "मला मरायचं नाहीये गं. हे थांबायला हवंय फक्त. दुसरा रस्ता दिसत नाही." त्या दिवसापासून काकूंनी गच्चीच्या दाराची किल्ली कमरेला अडकवली आणि घरातून बाहेर पडणं सोडलं. कामं परत गेली. खुंट्या जवळजवळ रिकाम्या झाल्या.

तेव्हा त्यांच्या मनात आलं, चुलत भावंड मिळत नसेल तर खुद्द तेच का नको? डॉक्टरीणबाईंना फोन करून त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या की काही रुग्ण चोरून घेतात, काहींना बरंही वाटतं, पण बाजारात त्या नावाखाली काय विकलं जाईल याचा नेम नाही, म्हणून कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. काकूंच्या कानात "बरंही वाटतं" एवढंच राहिलं.

त्यांनी भावाला बोलावून घेतलं. चहा केला. चहा निवाला तरी विषय निघेना. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही लोक पकडता ना, ते नशेत भिजवलेले कागदाचे तुकडे. जप्त करून ठेवता. त्यातला एखादा."

मामा आधी हसला. मग ताईचा चेहरा बघून उठून उभाच राहिला.

"ताई, तुला कळतंय का तू काय बोलतेयस?"

"तुझ्या भाऊजींचे हाल तू पाहिलेत."

"पाहिलेत. रक्त देतो, मूत्रपिंड देतो, माग. पण हे मागू नकोस. माझी वर्दी जाईल आणि तू तुरुंगात जाशील."

"वर्दीच जपायची तर जप. घरी जा."

तो गेला. पाठच्या भावाला काकूंनी घरातून जा म्हटलं, हे आयुष्यात पहिल्यांदा.

काकूंच्या गिऱ्हाइकांत एक गिटारवाला होता. लग्नसमारंभांत, हॉटेलांत वाजवायचा. त्याचे चमकीचे कोट नेहमी काखेत उसवलेले असायचे. काकूंनी त्याला आडून आडून विचारलं. त्याला वाटलं बाई पोलिसातल्या भावासाठी खबर काढतायत, तो कानावर हात ठेवून निघाला. काकूंनी त्याला आतल्या खोलीच्या दाराशी नेलं. आत काका गुडघ्यांवर होते, कपाळ फरशीला टेकलेलं, तोंडातून बारीक आवाज येत होता. गिटारवाला पांढराफटक पडला. दोन-चार दिवसांनी येऊन त्याने चांदीच्या कागदात गुंडाळलेला, नखाएवढा रंगीत कागद काकूंच्या हातात ठेवला. "अस्सल आहे म्हणाले," तो पुटपुटला. त्यालाही तसंच वाटत होतं.

लेक शाळेत गेल्यावर काकूंनी कात्रीने त्या कागदाचा अर्धा तुकडा कापला. अर्धा म्हणजे किती, हे त्यांना कुठे माहीत होतं! काकांनी तो जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "कडू आहे गं. जीभ बधिर होतेय." काकू म्हणाल्या, "औषध कडूच असतं."

थोड्या वेळाने काका भिंतीकडे बघून हसले. म्हणाले, भिंत श्वास घेतेय. काकूंनी डोळा पाहिला, लाल नव्हता. त्यांना वाटलं, लागू पडतंय. मग काकांचे हात थरथरायला लागले. अंगाला हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. ते काकूंकडे बघून ओरडले, "ही कोण आहे? हिला बाहेर काढा!" काकूंनी त्यांना मिठी मारली तर त्यांनी ढकलून दिलं, आणि मग जमिनीवर पडून त्यांचं सगळं अंग आचके द्यायला लागलं. दातांत जीभ आली. रक्त बघून काकूंनी दार उघडून शेजारणीला हाका मारल्या. शेजारणीने फोन करून अँब्युलन्स बोलावली.

दवाखान्यात काकूंनी काही लपवलं नाही. उरलेला अर्धा कागद त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. बाईंनी तो तपासायला पाठवला आणि निकाल आल्यावर बाहेरच्या बाकावर काकूंच्या शेजारी येऊन बसल्या.

"हे एलएसडी नव्हतंच. मेस्कॅलिन नावाचं दुसरं एक भास करणारं द्रव्य असतं, त्याच्या लांबच्या नात्यातलं हे. धड नावसुद्धा नाही, नुसते आकडे आणि अक्षरं. स्वस्त पडतं म्हणून एलएसडी सांगून विकतात."

"याच्यावर उतारा?"

"उतारा नाही. ताप उतरवतोय, झटके थांबवलेत, मूत्रपिंडांकडे लक्ष ठेवतोय. ह्याचा माणसावर नीट अभ्यास कुणी केलेलाच नाही. जे कळलंय ते अशाच दवाखान्यात आणलेल्या लोकांवरून."

काकू म्हणाल्या, "मला मारा तुम्ही. काहीतरी बोला."

"मी काय बोलू?" बाई म्हणाल्या. "माझ्याकडे औषध असतं तर तुम्ही गेला असतात का?"

असा प्रकार म्हटल्यावर पोलिसांना कळवणं भाग होतं. जबाब घ्यायला ज्याला पाठवलं तो मामाच निघाला, चौकीवर त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. तो वर्दीत होता. ताईला बघून त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"कुठून आणलंस, ताई?"

"आणलं मी. दिलं मी. कापलंही मीच. तेवढं लिही."

"कुणी दिलं?"

"त्याने दया केली. त्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

मामाने फोन करून साहेबांना सांगितलं की ही माझी सख्खी बहीण आहे, जबाब दुसऱ्याला घेऊ द्या. फोन ठेवला आणि काकूंच्या शेजारी बसला. काकूंनी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि धाय मोकलून रडल्या. दुसरा शिपाई येईपर्यंत तो हलला नाही.

काका वाचले. मूत्रपिंडं हळूहळू कामाला लागली. उजव्या हाताला कंप राहिला. चहाचा कप भरून दिला तर सांडतो, म्हणून अर्धाच द्यायचा. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा लेकीची चौकशी केली. काकूंवर ते रागावले नाहीत, आणि ते काकूंना सोसवेना. "निदान एक शिवी तरी द्या," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "अगं, जीभ शिवलीय. टाके निघाले की देतो." दोघंही हसायला गेली आणि दोघांनाही जमलं नाही.

डोकेदुखी त्या अर्ध्या कागदाने तसूभरही हटली नव्हती. दवाखान्यातल्या खाटेवरही ती वेळेवर आली. पुढे ऋतू पालटला तशी आपोआप गेली.

काकूंवर खटला झाला. न्यायाधीशांनी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं ऐकलं, ताकीद दिली, दंड केला आणि पुन्हा असं घडलं तर गय नाही असं बजावलं. गल्लीतल्या काही बायकांनी कपडे आणणं बंद केलं. गिटारवाला तर पुन्हा कधी दिसला नाही. त्याचा एक कोट खुंटीवर होता तो काकूंनी उचलून कपाटात ठेवला.

औषधाच्या परवानगीवर अखेर सुनावणी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रुग्णांच्या घरचं कुणीतरी बोललं तर बरं. काकूंनी काय बोलायचं ते मनाशी घोळवून ठेवलं होतं. लांबलचक टेबलामागे अधिकारी बसले होते. एकाने विचारलं, "बेकायदा पदार्थ घरी आणून नवऱ्याला देणाऱ्या तुम्हीच ना?" काकू म्हणाल्या, "हो, मीच." आणि घोळवलेलं सगळं त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं. मग त्या म्हणाल्या, "साहेब, मी शिकलेली नाही फारशी. त्या औषधाने एक वर्ष माझे यजमान माणसात होते. मला ते वर्ष परत द्या. नाही जमलं, तर नाही जमत म्हणून स्पष्ट सांगा. वाट बघायला लावू नका. वाट बघवत नाही आता." आणि खाली बसल्या. टेबलामागच्या एका बाईने काहीतरी लिहून घेतलं. बाकीच्यांनी पुढचं नाव पुकारलं.

काका बाहेर मामाबरोबर उभे होते.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"कळवतो म्हणाले."

"कधी?"

"ते नाही म्हणाले."

थंडी अजून पडायची होती, म्हणजे हातात काही महिने होते. काकूंनी नवऱ्याच्या थरथरत्या हातात हात अडकवला, मामाने गाडी आणायला पाय उचलले, आणि तिघं फारसं न बोलता घरी आली. उत्तर अजून आलेलं नाही.